मापात भ्या

"केवढं हुतं? हात करून दावा."

कुणी वाघ बघितला म्हणून सांगत आलं, की गार्ड आधी एवढंच म्हणायचे. ते वनखात्यातले वनरक्षक. सगळा गाव त्यांना गार्ड म्हणायचा, मीही तेच म्हणते. सांगणारा तोऱ्यात दोन्ही हात फाकवायचा. गार्ड खिशातून टेप काढून त्या दोन तळव्यांमधलं अंतर खरोखर मोजायचे आणि शांतपणे म्हणायचे, "ह्ये तर रेडकू झालं."

गारगोटीच्या अलीकडे, उसाच्या पट्ट्यातल्या एका हायस्कूलमध्ये मी विज्ञान शिकवते. त्या वर्षी ऊसतोड सुरू झाली आणि बिबट्या दिसल्याच्या बातम्या रोज येऊ लागल्या. मोबाइलवर फिरता फिरता बिबट्याचा वाघ झाला, वाघाचे दोन वाघ झाले. बायका शेतात तण काढायला, भांगलणीला जाईनात. आया पोरींना शाळेत सोडायला यायच्या आणि फाटकाबाहेरच बसून राहायच्या. मी स्वतः एस.टी.तून उतरल्यावर शाळेपर्यंतचा रस्ता जवळजवळ पळतच काढायचे. दोन्ही बाजूंना ऊस. वाऱ्याने पाचट वाजलं तरी काळजात धस्स व्हायचं. तुमच्यापैकी जे अशा रस्त्याने गेले असतील, त्यांना मी काय म्हणते ते कळेल.

म्हणून मुख्याध्यापकांनी गार्डना शाळेत बोलावलं. ते आले ते खांद्यावर एक दोर घेऊन. मैदानात तो सरळ पसरला आणि म्हणाले, "नाकापास्नं शेपटाच्या बुडापतूर तीन मीटर. जमिनीवरचं सगळ्यात मोठं मांस खाणारं जनावर. बर्फातलं पांढरं अस्वल. वजन आपल्या म्हशीएवढं."

पोरं दोराकडेने आडवी झाली. दोन पोरं झोपली तरी दोर उरला.

एका मुलीने विचारलं, "सर, अस्वल तर मध खातंय."

"आपलं खातंय. अमेरिकेकडं एक तपकिरी अस्वल हाय, त्येबी ह्येच्या खांद्याला खांदा लावतंय, पर ते मासं, फळं, मुळं, काय गावंल ते खातंय. पांढऱ्याला बर्फात दुसरं काय मिळणार? सील मारतंय अन् खातंय." मग त्यांनी रशियाच्या थंडीतला वाघ सांगितला, तीनशे किलोपर्यंत जाणारा. मग आपल्याकडचा वाघ, दोनशेच्या पुढेमागे. मग सिंह, वाघाहून थोडा हलका. प्रत्येक वेळी त्या जनावराच्या लांबीवर दोराला गाठ. शेवटी त्यांनी थोडासाच दोर हातात धरला.

"अन् ह्यो तुमचा बिबट्या. पन्नास किलो, लई झालं तर सत्तर. तालमीतला पैलवान शंभर किलोचा असतोय. पैलवानाला बघून तुम्ही पळताय काय?"

पोरं हसली. गार्ड मात्र हसले नाहीत. "भ्यायचं न्हाय, असं मी म्हणत न्हाय. भ्या की. पर मापात भ्या. एकटं फिरू नका, वाकून बसू नका, अंधारात उसाकडं जाऊ नका."

त्या दिवसापासून आया फाटकाबाहेर बसायच्या थांबल्या. मीही चालत जाऊ लागले.

पंधरा दिवसांनी, प्रार्थना संपून पहिला तास सुरू झाला होता, तेव्हा शाळेमागच्या गल्लीतून किंकाळी आली. तिथल्या एका मावशींच्या गोठ्यात बिबट्या शिरला होता. मावशी शेळ्यांना पाला टाकायला आत गेल्या आणि गव्हाणीखाली त्यांना तो दिसला. त्या बाहेर पळाल्या. गार्ड तेव्हा स्टँडवर होते. ते धावत आले, गोठ्याचं दार ओढून कडी घातली आणि पाठ लावून उभे राहिले.

वर्गांची दारं आम्ही आतून लावली. मी प्रयोगशाळेच्या खिडकीतून बघत होते, तिथून गोठ्याचं दार समोरच दिसायचं. कोल्हापुराहून जाळी आणि भुलीची बंदूक घेऊन माणसं यायला दीड-दोन तास लागणार होते. इकडे दहा मिनिटांत गल्ली भरली. काठ्या, कुऱ्हाडी, वर केलेले मोबाइल.

"गार्ड, बाजूला व्हा. एकदाचं संपवून टाकू," एकजण म्हणाला.

"मागं सरा. भ्यालंय ते. तुमच्या कुणाहूनबी हलकं हाय."

"तुम्हाला काय जातंय म्हणायला? पोरं आमची हायत."

"माझ्याबी दोन पोरी हायत की."

आवाज स्थिर होता, पण बोलणं थांबलं तरी त्यांचे ओठ हलत होते. खिडकीतून मला ते स्पष्ट दिसत होतं. मला वाटलं, देवाचं नाव घेतायत.

मग कुणीतरी कौलांवर दगड मारला. आतून जनावराने दारावर धडक दिली. दाराची खालची फळी कुजकी होती. ती मोडली, पंजा बाहेर आला आणि गार्डची पोटरी फाटली. गर्दी किंचाळत मागे पळाली. गार्ड खाली बसले, पण पाठ दारालाच. मोडलेल्या फळीवर त्यांनी मावशींचं घमेलं दाबून धरलं. दोन माणसं पुढे आली, त्यांनीही दाराला खांदे लावले. बूट रक्ताने भरला तरी ते उठले नाहीत. त्यांनी दार सोडलं ते वनखात्याची गाडी आल्यावरच.

भूल दिलेला बिबट्या बाहेर काढला तेव्हा काठ्या खाली आल्या. मादी होती, बरगड्या दिसत होत्या. तिथेच वजन केलं. अडतीस किलो.

मी दवाखान्यात भेटायला गेले. मी विचारलं, "दारापाशी तुम्ही काय पुटपुटत होता?"

ते ओशाळले. "पांढरं अस्वल, तपकिरी अस्वल, वाघ, सिंह. म्हटलं, ह्यांच्यापुढं ह्ये कितीसं? पर मॅडम, पंजा बाहीर आला तवा त्यो मला सुपाएवढा दिसला."

पोटरी भरून आली. गार्डनी बदली मागून घेतली आणि ते कोल्हापूरजवळच्या रोपवाटिकेत गेले. एकदा मी कोल्हापुरात मंगळवार पेठेत बहिणीकडे गेले होते, तेव्हा त्यांना रोपवाटिकेत भेटून आले. पिशव्यांत माती भरणाऱ्या बायकांमध्ये ते खुर्ची टाकून बसले होते. मी म्हटलं, पोरं तुमची आठवण काढतात, एकदा या. त्यांनी एका पिशवीतली माती अंगठ्याने दाबून बसवली. मग म्हणाले, "येतो की. शनवारी येतो."

शनिवारी पोरं मैदानात रांगा करून बसली. साडेआठ झाले, नऊ झाले. फोन लागेना. मी स्टँडवर बघायला गेले. तिथला चहावाला कप विसळत होता.

"गार्ड व्हय? आलतं की. आठच्या गाडीनं उतरलं. त्या वाटंच्या तोंडाला जाऊन उभं ऱ्हायलं. मी हाक मारली, चहा घ्या म्हटलं. घाम पुसत हुतं नुसतं. मग माघारच्या गाडीत बसून गेलं."

मी वळून बघितलं. नवा ऊस डोक्याच्या वर गेला होता आणि शाळेची वाट त्यातून सरळ आत जात होती.

परत येऊन मी पोरांना सांगितलं, की सरांची गाडी चुकली.