वेळ नसलेला निरोप

निलूच्या भावाचा फोन आला तेव्हा मी निलूवरच चिडलेलो होतो. सकाळपासून तिला फोन लावत होतो, ती उचलत नव्हती, आणि मच्छीमार सोसायटीच्या भिंतीवरचा, बोटींची खबर दाखवणारा आमचा टीव्ही काळाठिक्कर पडला होता. “दादा, ताय गेली,” एवढंच प्रवीण म्हणाला. मी विचारलं, “कुठे?” ...पलीकडे तो रडायला लागला तेव्हा कुठे मला कळलं. झोपेतच हृदय बंद पडलं होतं. पन्नाशीसुद्धा आली नव्हती. त्याला आता दीडेक महिना होईल, पण अजून फोन वाजला की उचलण्याआधी मी नाव दोनदा वाचतो.

आम्ही रत्नागिरीच्या कॉलेजातले सोबती. ती जवळच्या भाट्ये गावची, घरची बोट असलेली. वडील गेल्यावर बोट चालवणारा तांडेल प्रवीण झाला आणि निलू पुण्याची नोकरी सोडून आईजवळ येऊन राहिली. मी इथेच कॉम्प्युटर शिकवतो. घरातून निघताना गॅस बंद आहे ना, हे पाहायला जिन्यावरून परत फिरणारा माणूस मी. निलू म्हणायची, “तुला देवानं दोन काळज्या जास्तच दिल्यान.” अशा आम्ही दोघांनी मिळून बोटींच्या निरोपांचा प्रोग्राम लिहायला घेतला, यावर कॉलेजातले जुने मित्र पोट धरून हसले होते.

काम तसं साधं. खोल पाण्यात गेलेल्या बोटीनं दिवसातून काही वेळा मोबाइलवरून निरोप पाठवायचा: बोटीचं नाव, जागा, सगळे ठीक की नाही, आणि वेळ. यंत्रांना वाचता यावा म्हणून हा मजकूर एका ठरावीक साच्यात बसवतात. प्रत्येक गोष्टीचं नाव अवतरणचिन्हांत, त्यापुढे तिची माहिती, मध्ये स्वल्पविराम आणि सगळ्याभोवती महिरपी कंस. या साच्याला जेसन म्हणतात. निरोप साच्यात बसवण्याचं काम, म्हणजे एन्कोडिंग, माझ्याकडे होतं. किनाऱ्यावर तो उलगडून वाचण्याचं, म्हणजे डिकोडिंगचं, निलूकडे. दोन्ही पायथॉनमध्ये. निरोप नीट वाचला गेला की सोसायटीच्या टीव्हीवर त्या बोटीची ओळ हिरवी व्हायची.

माझा साचा अगदी चोख होता, आणि समुद्रावर तो पहिल्याच आठवड्यात मोडला. आत गेलं की मोबाइलला रेंज नसते. मग खोल पाण्यातला तांडेल वायरलेसवरून किनाऱ्याजवळच्या बोटीला सांगतो, “आमचा निरोप दे रे पुढे.” तिथला खलाशी आपल्याच जुन्या निरोपाची नक्कल करतो, नाव आणि जागा बदलतो आणि पाठवून देतो. वर्षानुवर्षं निरोप असेच पुढे दिले जातात, ते काही आमच्यासाठी बदलणार नव्हते. त्यात कंस अर्धे राहायचे, आकडे मराठी व्हायचे, शेवटी एखादा स्वल्पविराम उगाच लोंबकळायचा. मी म्हटलं, चुकीचा निरोप सरळ परत पाठवायचा, म्हणजे शिकतील. निलू म्हणाली, “समुद्रातून आलेला निरोप तू कुणाकडे परत पाठवणार हायस?” तिनं डिकोडर नव्यानं लिहिला. कंस नसेल तर तो समजून घ्यायचा, मराठी आकडे इंग्रजी करून घ्यायचा, अर्धवट अवतरणचिन्हं पुरी करायचा. मला तो प्रकार भयंकर ढिला वाटायचा. मी कुरकुरत राहायचो आणि ती चहा पीत राहायची.

एका बाबतीत मात्र ती माझ्याहून कडक निघाली. खलाशी निरोपातली वेळ बहुधा गाळायचे. दुसऱ्याचा निरोप नक्की कधीचा, ते त्यांना ठाऊक नसायचं. असा निरोप निलूचा प्रोग्राम वाचायचा, पण ओळ पिवळी ठेवायचा आणि पुढे लिहायचा, ‘वेळ माहीत नाही’. पिवळ्या ओळी दिसल्या की घरच्यांचे जीव टांगणीला लागायचे. सोसायटीचे सेक्रेटरी वैतागून म्हणाले, “मॅडम, निरोप आपल्याकडे आला तीच वेळ घाला ना. एवढं मोडकंतोडकं चालवून घेता, मग यातच काय अडतं?” निलू म्हणाली, “मोडलेलं मी जोडून वाचीन. जे नाहीच, ते माझ्या मनानं नाही लिहिणार.”

हे बोलणं सोपं होतं. मग एका ऑक्टोबरात वारा सुटला, बोटी परत फिरू लागल्या आणि दुपारी प्रवीणच्या बोटीचा निरोप आला... सगळे ठीक, वेळ नाही. ओळ पिवळी. निलूची आई, आमच्या काकू, सोसायटीत येऊन बसल्या होत्या. थोड्या वेळानं त्या लेकीला म्हणाल्या, “गो, हिरवी कर ना ती. तुझ्याच हातात हाय ता.” निलूनं मानेनंच नाही म्हटलं. तिनं निरोप पुढे देणाऱ्या बोटीला फोन लावला. तेव्हा कळलं की निरोप पहाटेचा होता, आणि त्यानंतर प्रवीणशी कुणाचंच बोलणं झालेलं नव्हतं. शोधायला बोटी निघाल्या. इंजिन बंद पडून तो वाहवत चालला होता. संध्याकाळी त्याला ओढून आणला. काकू त्यानंतर कितीतरी दिवस लेकीशी धड बोलल्या नाहीत. भाऊ परत आला तरी, आईला तसं बसवून ठेवल्याचं निलूच्या मनातून गेलं नाही.

आता सगळा प्रोग्राम माझ्या गळ्यात आहे, आणि खरं सांगतो, मला भीती वाटते. तिनं काय समजून घेतलं होतं, काय नाही, हे वाचताना ओळीओळीला अडखळतो. गेल्या आठवड्यात सेक्रेटरी म्हणाले, “सर, आता त्या नाहीत. एवढं वेळेचं करून टाका.” मी नाही म्हणालो नाही. ‘बघतो’ म्हणालो. लोकांना रोज घाबरवायचा मला काय हक्क, असं मला मनातून वाटतच होतं. बदल फार तर एका ओळीचा होता, आणि तो मी लिहूनही ठेवला होता.

परवा पुन्हा वारा सुटला. दुपार कलताना प्रवीणचा निरोप आला, दुसऱ्याच बोटीकडून, बिनवेळेचा. काकू समोर बसलेल्या. एक मूल गेलेलं, दुसरं पाण्यात. मला ते बघवेना. म्हटलं, “काकू, करू का हिरवी?” त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली की माझा हात आपोआप मागे आला. “मला उगाच नको समजावूस,” त्या म्हणाल्या, “तू फोन लाव. मी बसतंय.” मग त्यांनी खुर्ची टीव्हीजवळ ओढून घेतली. मी फोन लावत सुटलो. कुणी उचलत नव्हतं, कुणाला ऐकू येत नव्हतं. खिडकीच्या काचा वाजत होत्या आणि काकू पापणी न हलवता त्या पिवळ्या ओळीकडे बघत होत्या.

दिवेलागणीला प्रवीणच्या स्वतःच्या मोबाइलवरून निरोप आला. घाईत हातानं टाइप केलेला, कंस उघडलेला पण मिटलेला नाही, आकडे मराठी, अवतरणचिन्हांचा पत्ता नाही. माझ्या साच्यानं तो दारातूनच हाकलला असता. पण शेवटी वेळ लिहिलेली होती, आत्ताची. ओळ हिरवी झाली. काकू हळूच उठल्या, पदरानं टीव्हीची काच पुसली आणि म्हणाल्या, “बघ... एवढा वाकडातिकडा, तरी वाचलान माझ्या निलूनं.”