नाकापासून वरचा आरसा

आमच्या बाथरूमच्या आरशात मी एकोणतीस वर्षं फक्त नाकापासून वर दिसते आहे.

सदाशिव पेठेतल्या या फ्लॅटमध्ये राहायला आलो, तेव्हा आमच्या ह्यांनी आरसा लावायचं मनावर घेतलं. माणूस भारी नेटका. दिसेल त्या वस्तूवर चिकटपट्टी लावून बॉलपेनने नाव लिहायची सवय. एका डब्यावर तर ‘किल्ल्या, कशाच्या ते माहीत नाही’ असं लिहिलेलं आहे. आदल्या संध्याकाळी मला चपला काढायला लावून भिंतीला टेकून उभं केलं आणि डोळ्यांपाशी खूण केली. दुसऱ्या दिवशी मी जावेबरोबर मार्केट यार्डात वर्षाचं धान्य भरायला गेले. परत येऊन बघते तर आरसा ह्यांच्या उंचीला! हे ताडमाड, मी बुटकी. आरशात माझं कपाळ, डोळे आणि अर्धं नाक. बाकीची मी गायब.

मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. माझं माप घेऊन स्वतःच्या मापाने आरसा लावणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही. ह्यांचं म्हणणं, खाली भिंतीत पाण्याचा पाइप आहे. माझा काडीचा विश्वास बसला नाही. शेवटी म्हणाले, “खालचं मी सांगत जाईन.”

आणि सांगितलं, बरं का. रोज सकाळी दात घासून, तोंड धुऊन मी बाथरूमच्या दारात हनुवटी वर करून उभी राहायची. हे पेपर खाली घेऊन बघायचे. डावीकडे पेस्ट लागलीय. पावडर फार झाली. मंगळसूत्र उलटं आलंय. छान दिसतेस वगैरे म्हणायची पद्धत नव्हती. नुसतं “चालेल” म्हणाले की माझा दिवस बरा जायचा. तरीही घरी पाहुणे आले की मी आरशाचा विषय काढून टोमणा मारायचीच. हे गप्प चहा प्यायचे.

ते जाऊन दोन वर्षं होतील. मध्यंतरी बँकेत काउंटरवरच्या मुलीने हळूच स्वतःच्या हनुवटीला बोट लावून मला खूण केली. माझ्या हनुवटीला वाळलेली पेस्ट होती, आणि तशीच मी पेठेतून चालत गेले होते. घरी येऊन खूप रडले. पेस्टचं काय एवढं, पण मला बघून बाहेर सोडणारं घरात कोणी नाही, हे त्या दिवशी नीट कळलं.

त्यात आरशाचाही पारा उडत चालला होता. कडांनी काळं आत सरकत होतं, उरलेल्या काचेवर टँकरच्या पाण्याचे पांढरे डाग. मुलगा म्हणाला, फेकून दे, कडेने दिवे असलेला नवा मागवतो. मी म्हटलं, तुझ्या घरी लाव. ह्यांनी हाताने लावलेली एवढी एकच वस्तू भिंतीवर उरलेली, ती जाऊ द्यायची माझी तयारी नव्हती. व्हिनेगरमध्ये फडकं भिजवून डाग काढले, वर्तमानपत्राने काच लख्ख केली. पण काळ्या कडा काही पुसून जाईनात. मग गल्लीतल्या फ्रेमवाल्यांना बोलावलं. ते म्हणाले, काच जाड आहे, आता अशी मिळत नाही. मागून रंगाचा हात देतो, म्हणजे काळं पुढे सरकणार नाही. आणि चारी बाजूंनी पट्टी बसवली की झालेलं झाकलं जाईल.

त्यांनी आरसा उतरवला. मी स्वयंपाकघरात चहा टाकत होते.

“काकू, जरा इकडे या.”

आरशामागच्या टाइलला तडा गेलेला होता, चांगला वीतभर. तो पांढऱ्या सिमेंटने भरलेला. तड्याच्या टोकाला एक अर्धवट भोक. “इथे लावायला गेले असणार,” फ्रेमवाले म्हणाले, “टाइल तडकली म्हणून वर टांगलाय. तडा बरोबर झाकला गेला.” मग खाली, आरशाची कड जिथे यायची त्याच्या जरा आत, त्यांनी बोट ठेवलं. पिवळी पडलेली चिकटपट्टी होती. शाई फिकट झाली होती, पण अक्षर ओळखू आलं. ‘हिचे डोळे.’

मी तिथेच बादली उलटी करून बसले.

म्हणजे आधी माझ्याच मापाने लावायला घेतला होता. नव्या कोऱ्या घराची टाइल फोडली, हे मला सांगायची हिंमत झाली नाही, आणि त्यापायी जाईपर्यंत सत्तावीस वर्षं स्वार्थी म्हणवून घेतलं. अहो, सांगायचं होतं की हो एकदा! टाइलच तर होती. मी काही म्हटलं नसतं... खोटं कशाला लिहू, महिनाभर बोलले असते. पण महिनाभरच.

फ्रेमवाले भले गृहस्थ. म्हणाले, आता मशीन चांगलं असतं, काही फुटणार नाही, खाली घेऊ का? तुम्हाला सगळा चेहरा दिसेल.

“नको,” मी म्हटलं. “होता तिथेच लावा. आणि ती चिकटपट्टी काढू नका.”

आरसा आता छान झालाय. अगदी स्वच्छ, कपाळापासून नाकापर्यंत. आज सकाळी दात घासले, तोंड धुतलं आणि सवयीने हनुवटी वर करून दारात उभी राहिले. मग पदराने हनुवटी पुसली, आधी डावीकडे, आणि चहा टाकायला गेले.