गौरीच्या लग्नाला कुठला कॅमेरा?

लग्नाचे फोटो काढणाऱ्याच्या कार्डात फोटो साठतात आणि डोक्यात किस्से. कार्ड रिकामं करता येतं, डोकं कुठं करायचं? म्हणून सांगून टाकतो.

लातूरला आमचा स्टुडिओ आहे. आमचा म्हणजे मन्मथअप्पांचा. मी दिगंबर, बावीस वर्षं त्यांच्यासोबत. व्हिडिओला नांदेडहून जब्बारभाई येतात. गेल्या हंगामात अप्पांच्या एकुलत्या लेकीचं, गौरीचं लग्न ठरलं आणि आम्हा तिघांपुढं एकच प्रश्न उभा राहिला. जुना कॅमेरा वापरायचा, की नवा, आत आरसा नसलेला मिररलेस?

अप्पा म्हणाले, "माझ्या लेकीचं लगीन एकदाच हाय. सगळं सामान आधी लोकांच्या लग्नात तपासून घेऊ!"

लोकांचीही लग्नं एकदाच असतात म्हणा.

*

चाकूरला ड्रोन उडवला. फायदा असा, की वरून मांडव लई भारी दिसतो. तोटा घरी येऊन कळला. नवरी, करवल्या, भटजी, सगळे तोंड वर करून उभे! नवरदेव तर हातात हार धरून आभाळाकडं बघतोय.

फोटो बघून अप्पा म्हणाले, "लगीन हाय का पाऊस कवा येतो ते बघायला जमलेत?"

ड्रोन कटाप.

*

मग जब्बारभाईंनी नवा ट्रायपॉड आणला. वजनाला एकदम हलका, पण वारा आला की डुलायचा. उदगीरच्या लग्नात जब्बारभाई कॅमेरा चालू ठेवून जेवायला बसले आणि लांबून दिसलं, ट्रायपॉड जागचा हलत नाही. जब्बारभाई खूश! निवांत जेवले.

परत येऊन बघतात तर ट्रायपॉडला पाच-सहा पिशव्या लटकलेल्या. पिशवी नीट अडकावी म्हणून एका आजीबाईंनी कॅमेऱ्याचं तोंडही मांडवातल्या कूलरकडं फिरवलेलं. जब्बारभाई सरळ करायला गेले तशा आजी कडाडल्या, "हात लावू नको रे बाबा! पिशवीत दागिने हायत!"

पाठवणीपर्यंत कॅमेरा तसाच राहिला. व्हिडिओ बघून जब्बारभाई म्हणाले, "अप्पा, कूलर का क्या रिझल्ट आया!"

*

शेवटी मिररलेस आणला. फोटो काचेसारखे स्वच्छ, पण बॅटरी बघता बघता संपते. जुना कॅमेरा एका चार्जिंगवर दोन लग्नं उरकायचा.

हदगावला भर मंगलाष्टकांत बॅटरी गेली. दुसरी गाडीत, गाडी शाळेच्या मैदानावर. मी पळालो. अप्पांनी लांबूनच भटजींना खूण केली, ताणा! भटजी जुन्या ओळखीचे, त्यांनी ताणलं. मला धाप लागली, लोकांच्या अक्षता संपल्या, काहीजण सतरंजीवरच्या वेचून परत टाकायला लागले, तरी 'सावधान' काही थांबेना. शेवटचं कडवं त्यांनी उभ्या उभ्या रचलं म्हणे. त्यात सोयाबीनही आलं, असं जब्बारभाई आजही शपथेवर सांगतात.

*

पण खरी पंचाईत नांदेडला झाली. या कॅमेऱ्याला आवाजच नाही! मेनूत कुठंतरी सोय असणार, आम्हाला ती सापडली नाही. आणि आमच्याकडं फोटोला उभा राहिलेला माणूस 'खटॅक' ऐकल्याशिवाय सुटत नाही.

स्टेजवर नवरीकडचे अकराजण उभे होते. मी चार फोटो काढले, तरी सगळे दम रोखून ताठ. मागं पाहुण्यांची रांग दारापर्यंत गेली. नवरीचे मामा लालबुंद झाले.

"मामा, झाला फोटो!"

"कुठं झाला? वाजला कुठं?"

अप्पा माझ्या शेजारी येऊन उभे राहिले आणि तोंडानं म्हणाले, "खटॅक!"

अकराच्या अकरा सुटले.

त्या दिवसापासून फोटो मी काढायचो आणि आवाज अप्पा काढायचे. पुढं मलाही जमायला लागलं. अप्पा रोज कुरकुर करायचे, "लाखाचा कॅमेरा आणि वाजायचं आपण!"

*

गौरीच्या लग्नाला आठ दिवस उरले, तरी अप्पांचं ठरेना. जुना पुसून ठेवायचे, नवा चार्ज करायचे. शेवटी गौरीनंच निकाल लावला. "अप्पा, तुम्ही कुठलाच कॅमेरा घ्यायचा न्हाई. माझ्या बाजूला उभं राहायचं."

स्टुडिओच्या भिंतीवर गौरीचे पाळण्यापासून पदवीपर्यंतचे फोटो आहेत. एकातही अप्पा नाहीत, कारण काढणारे तेच. माझ्या हे इतक्या वर्षांत लक्षात आलं नव्हतं, याची मला लाज वाटली.

*

लग्न छान झालं. मिररलेस माझ्या हातात, खिशात चार बॅटऱ्या. दुपारी पाठवणीला गाडी मांडवाच्या दारात लागली. बसायच्या आधी गौरीनं अप्पांना ओढून शेजारी उभं केलं. "दिगाकाका, आमचा दोघांचा काढा."

मी काढला. आणखी दोन काढले. ड्रायव्हरनं हॉर्न दिला, व्याही घड्याळ बघायला लागले. अप्पा लेकीचा हात धरून ताठ उभे, पापणीसुद्धा हलेना.

झाला फोटो, हे त्यांना कळावं म्हणून सवयीनं मी 'खटॅक' म्हणायला तोंड उघडलं.

लेन्सवरची नजर न काढता अप्पा म्हणाले, "दिगा, आवाज करू नको."