नव्या भिंतींना पाणी

आमच्या आण्णांनी जन्मभर गवंडीकाम केलं, आणि त्यांच्याच पोरीनं घर बांधताना ना वीट आणली, ना सिमेंट. मी चिंचोळी एमआयडीसीत पॅनलच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. दोन्ही बाजूंनी लाकडाच्या दाबलेल्या कपच्यांच्या फळ्या आणि मधे फोमचा जाड थर, अशी आमची तयार भिंत. उन्हाची धग आत येत नाही. मला तेवढंच हवं होतं. अर्धांगाच्या झटक्यानंतर आई पत्र्याच्या खोलीत पडून होती, आणि डॉक्टरांनी बजावलं होतं, यंदाचा उन्हाळा त्यांना इथं सोसायचा नाही.

खोलीशेजारच्या मोकळ्या जागेत फेब्रुवारीत चार दिवसांत भिंती उभ्या राहिल्या, वर छतही बसलं. आण्णा ओळंबा खिशात घालून आले होते, तो बाहेर काढायची वेळच आली नाही. "ही भित हाय का कपाट?" एवढंच म्हणाले. मी हसले. सांधे बुजवायचे आणि बाहेरून लेप द्यायचा बाकी होता, तेवढ्यात कारखान्यानं मला माणसांसकट आठ दिवस दुसऱ्या कामावर धाडलं. जाताना मी आण्णांपुढं सगळी अक्कल पाजळली: खिळा ठोकू नका, छिन्नी लावू नका. पाण्याचं मात्र बोलले नाही. गवंड्याच्या घरात वाढूनही ते माझ्या डोक्यातच आलं नाही.

परत आले तर आण्णा पाइप धरून उभे. सकाळ-संध्याकाळ, एकही दिवस न चुकवता, त्यांनी भिंतींना पाणी मारलं होतं. फळ्या खालून पावासारख्या फुगल्या होत्या. बोट लावलं की कपच्या सुटून हातात येत होत्या.

"कुणी सांगितलं होतं पाणी मारायला?" मी शेजाऱ्यांसमोर ओरडले.

"कुणी सांगाया लागतंय व्हय?" ते म्हणाले. "नव्या भितीला पानी न्हाय मारलं तर ती तडकती की. म्हनलं, तुज्या आईचं घर हाय, काय कमी नको पडाया."

मी आणखी बोलले. काय बोलले ते लिहायची लाज वाटते.

कारखान्यात आधीच्या ऑर्डरी तुंबलेल्या, नवे पॅनल मिळायला जून उजाडणार होता. पत्र्यावर पोती टाकली, कूलर लावला, ओल्या चादरी टांगल्या. सोलापूरच्या उन्हापुढं त्यांचं काय चालणार? मे महिन्यात, भर दुपारी आई गेली. मला माझ्या शिक्षणाचा, त्या घराचा, माझाच तिटकारा आला. तो अजून गेलेला नाही. घर तसंच उभं आहे. पाडायला हात धजत नाही, आणि दुरुस्त करायचं तर कुणासाठी?

तेराव्यानंतर एकदा जेवताना आण्णांनी विचारलं, "पानी न्हाय मारलं असतं, तर वाचली असती का गं ती?"

"न्हाय, आण्णा," मी म्हणाले. पण म्हणायला मला उशीर झाला. त्यांनी हातातला घास ताटात ठेवला आणि हात धुवायला उठले.