गाडीतलं खत

दादा पुण्याकडची नोकरी सोडून आला, त्याच्या तिसऱ्या दिवशी म्हणाला, "बाबांची गाडी उभी करू."

मी शाळेला निघालो होतो. एक पाय चपलेत होता. "कोणती गाडी?" मी विचारलं. जसं काही आमच्याकडे चार होत्या.

"कोनती म्हंजे? कोठ्यातली. म्या तिची वाट लावली, मीच तिले उभी करतो. आता मले दुसरं काम काय हाय?"

मी दुसरा पाय चपलेत घातला. तो मात्र खुशीत होता. कंपनीच्या बसवर बारा-तेरा वर्षं काढून आलेला माणूस, पाठ वाकलेली, बसता-उठता टोंगळे दुखणारे, आणि लहान पोरासारखा हसत होता. नोकरी सोडताना जे हाती आलं होतं ते सगळं त्याला त्या गाडीत घालायचं होतं.

गाडी म्हणजे बाबांची पांढरी अॅम्बेसेडर. एकेकाळी जानेफळात भाड्यानं मिळणारी बरी गाडी ती एकच. गुरुवारी शेगाव ठरलेलं, मधल्या दिवसांत मेहकरचा दवाखाना, लग्नसराईत नवरदेव. गावातल्या कितीतरी बायका तिच्यातून बाळंतपणाला गेल्या आणि बाळ मांडीवर घेऊन तिच्यातूनच परत आल्या. दादा दहावीत नापास झाला तेव्हापासून बाबांच्या शेजारी बसायचा. बाबांनी त्याला गाडी शिकवली, म्हणजे शिव्या देत देत सगळं आयुष्यच शिकवलं. मी शिकलो, मास्तर झालो. माझा संबंध मागच्या सीटपुरता.

आता लिहायला बसलोच आहे तर सरळ लिहितो. ती गाडी दादानं खाल्ली नाही. मी खाल्ली.

बाबांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि त्यांचं चालवणं थांबलं. दादा तेव्हा ट्रकवर होता, दिवाळीलाच घरी यायचा. घराचं बांधकाम काढलेलं, अंगणात वाळू आणि गिट्टी, म्हणून गाडी वावरातल्या गुरांच्या कोठ्यात नेऊन लावली. चावी माझ्याकडे. त्या वर्षी खत मिळत नव्हतं. कृषी केंद्रासमोर रांगा, भांडणं. मी ओळखीनं मिळेल तेवढं उचललं, युरिया आणि पोटॅश. ठेवायचं कुठं? कोठ्याचे टिन गळत होते. घरी छतच नव्हतं. कोरडी, काचा चढवलेली, कुलूप लागणारी जागा एकच होती. मागच्या सीटवर, सीटच्या खाली, डिक्कीत, पुढं बाबांच्या बाजूला, जिथं मावेल तिथं मी पोती रचली. एक-दोन फाटकी होती. पाऊस असा लागून राहिला की बरंचसं खत पिकाला द्यायचंच राहिलं आणि तिथंच पडून राहिलं. दिवाळीच्या आधी मी पोती हलवली, गाडी वरवर झाडली. दुसऱ्या वर्षी पुन्हा तेच केलं. पहिल्या वर्षी काही झालं नव्हतं, निदान वरून दिसत नव्हतं.

मी विज्ञान शिकवतो. लोखंड कसं गंजतं ते दरवर्षी आठवीच्या मुलांना फळ्यावर लिहून देतो. हवा, पाणी, आणि मीठ असेल तर फार लवकर. मुलं वहीत उतरवून घेतात. हे मी तेव्हाही शिकवत होतो.

दुसऱ्या दिवाळीच्या आधी पोती काढली तेव्हा खालचं मॅट हाताला चिकटलं. उचलून पाहिलं. पत्र्यावर पांढरा चिखल, आणि त्याच्याखाली पत्रा पापुद्रे सुटल्यासारखा फुगलेला. मी मॅट परत टाकलं. वरून पाय फिरवून सारखं केलं.

दादा आला. दर दिवाळीसारखी त्यानं गाडी बाहेर काढली, नवी बॅटरी टाकली, मोटरचा पाईप लावून आतून-बाहेरून धुतली. त्याला तशीच आवडायची, आतूनसुद्धा ओली चकचकीत. मग बाबांना घेऊन शेगावला गेला. परत येताना खामगाव सोडल्यावर एका खड्ड्यात गाडी आदळली, बाबांनी टाच रोवली आणि टाच पत्र्यातून खाली गेली. पाय थोडा खरचटला. चप्पल रस्त्यावर राहिली.

घरी आल्यावर ओट्यावर चार शेजारी जमले. बाबा सगळ्यांसमोर बोलले. "दर दिवाळीले येते अन् आतून पाईप मारते. पत्रा पानी पेते, हे याले कोन सांगन? याच्या हातात लोखंड टिकत नाई. नालायक!"

दादा म्हणाला, "हो बाबा, चुकलं."

मी पाण्याचा तांब्या घेऊन तिथंच उभा होतो. एका वाक्याचं काम होतं. बाबा मला दोन शिव्या देऊन मोकळे झाले असते. मी मास्तर, धाकटा, अंगावर शिव्या घ्यायची सवय नसलेला. मी शेजाऱ्यांना पाणी दिलं.

बाबांनी मला त्याला पुन्हा चावी देऊ दिली नाही. तो त्याच हिवाळ्यात पुण्याकडे गेला. गाडी कोठ्यात उभी राहिली ती राहिलीच. बाबा गेले तेव्हा दादा तेराव्यापर्यंत थांबला, पण वावराकडे एकदाही फिरकला नाही. पुढं कधीतरी फोनवर सांगत होता, "नवे ड्रायव्हर आले का मी पयलेच सांगतो, आतून पानी मारू नोका बे. म्या बापाची गाडी खाल्ली तशानं."

"बरं करतोस," मी म्हणालो.

आता गाडी उभी करायची ठरल्यावर डेंटरला मीच घेऊन आलो. जुन्या गाड्यांच्या पत्र्याचं काम करणारा आमच्या तालुक्यात आता हा एकच, साठीचा माणूस. त्यानं आधी गाडीभोवती एक चक्कर मारली. मग बोटांच्या पेरांनी जागोजागी टकटक करत, कान लावून चालला. "इथं पत्रा बोलते. इथं वरून थापलेली लांबी-पुट्टी बोलते. इथं... इथं त कोनीच नाई घरात."

दादा हसला. "दवाखान्यात आल्यासारखं करून राह्यला तू त."

"मी दवाखानाच हाय, दादा. पन मयताचं पोस्टमार्टेम मी करत नाई."

त्यानं पोतं अंथरलं, खाली शिरला आणि पेचकस दरवाज्याखालच्या पट्टीला टेकवला. जोर लावला नव्हता. पेचकस मुठीपर्यंत आत गेला. गंजाची पूड त्याच्या तोंडावर सांडली. तो थुंकत बाहेर आला.

"आयका आता. ट्रकले चेसिस असते, जीपले असते. वरचं सडलं तर नवं टाकता येते. हिले तसं नाई. हिचा पत्राच हिची हाडं हाय. दोन्ही पट्ट्या गेल्या, गाडीची जमीन गेली, मांगचे स्प्रिंगचे पाटे जिथं धरते ते बी गेलं. वेल्डिंगले धराले चांगला पत्रा त पायजे. मी कायले जोडू?"

"नवा पत्रा टाक सगळीकडे," दादा म्हणाला.

"टाकतो ना. जमीन टाकतो, पट्ट्या टाकतो, दरवाजे टाकतो. छत मातर एक नंबर हाय. मंग छत तुमच्या बाबांचं, बाकी गाडी माही!"

"चालन."

डेंटरनं त्याच्याकडे पाहिलं. त्याला वाटलं होतं माणूस हसेल. मग तो मागची सीट उपटायला लागला. सीट सुटली. खाली पांढरट दगडासारखा थर होता, कडेनं तपकिरी झालेला. त्यानं नखानं खरवडून जिभेला लावला आणि लगेच थुंकला.

"खारं लागते. खत हाय हे. कोन्या येड्यानं गाडीत खत भरलं होतं?"

"आमच्या गाडीत कोन खत भरीन बे?" दादा म्हणाला. "पाईपाचं पानी असंन. आमच्या बोअरचं पानी खारं हाय. मीच मारत होतो."

डेंटर माझ्याकडे वळला. "सर, तुमी त सायन्सवाले. तुमीच सांगा काय हाय हे."

"पाहावं लागेल," मी म्हणालो.

त्यानं माझ्या चेहऱ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग हात पुसले. "दादा, माह्यं आयकान त नोका करू. तरी दोन दिवस इचार करा. कराचीच असंन त मी हाय."

विचार दादानं केलेलाच होता. दुसऱ्या दिवशी रविवार. मी चहाचा थर्मास घेऊन वावरात गेलो तर तो सकाळपासून तारेच्या ब्रशनं पट्टी घासत बसला होता. जितकं घासावं तितकं भोक मोठं होत होतं. तरी तो घासतच होता.

"डेंटरले फोन करतो आज," तो म्हणाला. "एक डाव बाबांच्या गाडीनं शेगावले जाऊन येऊ. मंग मले काही नाई पायजे."

मी बसलो. चहा ओतला नाही. म्हणालो, "दादा, ते खतच होतं. मीच ठेवलं होतं. दोन पावसाळे."

ब्रश थांबला.

"ती तुझ्या धुण्यानं नाही सडली," मी म्हणालो. "मॅटखालचा पत्रा मी आधीच पाहिला होता."

"बाबांले मालूम होतं?"

"नाही."

"बाबा तीन महिने अंथरुणावर होते. तू रोज त्यांच्यापाशी बसत होता."

"हो."

"अन् तरी बी नाई."

"नाही."

मला वाटलं होतं तो मारेल. मारावं अशी इच्छाही होती. तो उठला, हौदावर गेला आणि हात धुवायला लागला. गंजाचा रंग लवकर जात नाही. त्यानं माती घेतली, पुन्हा धुतले.

"दादा, आपण उभी करू. डेंटर काहीही म्हणो. खर्च मी करतो."

"तू कायले करतं?" तो मागं न वळता म्हणाला. "तुले त कोनी काही म्हटलंच नाई."

त्यानं तिथंच उभं राहून डेंटरला फोन लावला. "राहू दे भाऊ. नाई कराची. ...काही नाई. ते काम माह्यं नोतं."

दुपारच्या एसटीनं तो मेहकरला गेला आणि तिथून पुण्याला, त्याच्या मुलाकडे. माझ्या बायकोला म्हणाला, तिकडं जरा काम निघालं.

मी नंतर एकटाच डेंटरकडे जाऊन आलो. खरं तर काय विचारायचं तेही ठरलं नव्हतं. तो म्हणाला, "सर, तुमी म्हनान त मी करीन, माह्यं पोट त्याच्यावरच हाय. पन तिच्यात बसन कोन?" मी परत आलो.

गेल्या महिन्यात भंगारवाल्याला बोलावलं. त्यानं गाडीच्या पोटाखालून साखळी घातली आणि क्रेननं उचलली. चाकं जमिनीवरून सुटली न सुटली तोच गाडी मधोमध वाकली. दरवाजे आपोआप उघडले. भंगारवाला म्हणाला, "आतून कायच नवतं हो मास्तर, वरवरच उभी होती." दोन तुकडे करून ट्रॉलीत टाकली.

ट्रॉली गेल्यावर मी दादाला फोन केला. त्या रविवारी खरं सांगितल्यापासून आमचं बोलणं पेरणीपुरतं, तब्येतीपुरतं होतं.

"गाडी गेली," मी म्हणालो.

"बरं."

तो पुढं काही बोलेल म्हणून मी फोन कानाला धरून उभा राहिलो. शिवी तरी देईल. त्याच्याकडून फोन ठेवला गेला नाही. त्याचा श्वास ऐकू येत होता. मला माफी मागायची होती, अजून मागितली नव्हती, हे त्याच वेळी माझ्या लक्षात आलं.

शेवटी मीच ठेवला.