डाव्या कोपऱ्याजवळचा म्हातारा

गेल्या वर्षी ओतूरच्या कबड्डी स्पर्धेत आमचा संघ जिंकत होता, पण बघवत नव्हतं. आमचे गडी चढाईला जाऊन रेषेला पाय लावून परत यायचे. गुण मिळायचे ते पकडीवर. कंटाळून लोक भेळेच्या गाडीकडे गेले. मीही उठणार, तोच डाव्या कोपऱ्याजवळ उकिडवा बसलेला एक म्हातारा दिसला. प्रत्येक पकडीआधी त्याचा हात घोटा धरल्यासारखा मातीत मिटायचा. मग तो एकटाच टाळ्या वाजवायचा.

"कंटाळा नाय येत, बाबा?"

"मी डावा कोपरा खेळायचो," तो मैदानावरची नजर न हलवता म्हणाला. "आमी लई मॅची जिंकल्या, भाऊ. पण लोक खांद्यावर घ्यायचे ते चढाईवाल्याला. कोपऱ्याला कोण उचलतंय?"

यंदा तो दिसला नाही. पहिल्या पकडीला मी टाळी वाजवली, तर शेजारच्यानं वळून माझ्याकडे पाहिलं.