पाच नंबरचा तपकिरी रंग

माझी काकू कारखान्यात दिवसभर ब्रेड भाजायची आणि संध्याकाळी घरी येऊन आमच्यासाठी परत ब्रेड भाजायची. कंटाळा नावाची गोष्ट तिला माहीतच नव्हती. मी शिकायला काका-काकूंकडे राहत होते, त्यामुळे त्या घरच्या ब्रेडवरच माझी पदवी पूर्ण झाली म्हणायला हरकत नाही.

कारखाना ओव्हनचा होता. साध्या मायक्रोवेव्हचा नव्हे, तर ज्यात वरच्या बाजूला विजेची कॉइलही असते, त्याचा. काकू कोणालाही दोन मिनिटांत समजावून सांगायची, ऐकणाऱ्याने विचारलं नसलं तरी. "मायक्रोवेव्ह नुसतं गरम करतो गं, रंग नाही आणत. त्यातून काढलेलं सगळं आजाऱ्यासारखं दिसतं. रंग आणते ती कॉइल. दोघींचं जमलं तरच पदार्थ तोंडात घालावासा वाटतो." मायक्रोवेव्ह आणि कॉइल या दोघी एका घरात नांदणाऱ्या जावा असल्यासारखं ती बोलायची.

तिचं काम तपासणीच्या खोलीत. प्रत्येक खेपेतला एक ओव्हन तिच्या टेबलावर यायचा. जाळीवर सोळा स्लाइस, चार ओळींत चार, मध्ये फट न ठेवता मांडायच्या. ठरलेली मिनिटं ओव्हन चालवायचा. मग ट्रे बाहेर काढून पाहायचं: कोपरे पांढरे राहिलेत का, मधलं करपलंय का, रंग पाच नंबरचा आलाय का. एक म्हणजे कोरा ब्रेड, दहा म्हणजे कोळसा, पाच म्हणजे बरोबर. हे नंबर एका रंगांच्या कार्डावर छापलेले होते. कार्ड स्लाइसशेजारी धरून रंग जुळवायचा, असा नियम. काकूने ते कार्ड पहिल्या वर्षीच खणात टाकलं होतं.

"एकवीस वर्षं ब्रेड बघतेय. मला कार्ड काय शिकवणार?" ती म्हणायची. आणि खरंच, तिचा शेरा कधी चुकला नव्हता. कारखान्यात सगळे तिला ब्रेडकाकू म्हणायचे. तिचा निळा शिक्का बसल्याशिवाय एकही खेप गोदामाबाहेर जात नसे. त्या शिक्क्याचा तिला भारी अभिमान. सुट्टीच्या आदल्या दिवशी तो पर्समध्ये घेऊन घरी यायची, जणू कोणी पळवणारच होतं.

मग तिथे एक नवी इंजिनिअर आली. वयाने माझ्याएवढीच, बोलायला मऊ, पण ऐकायला तयार नाही. काकूने एका खेपेला पाच नंबर दिला, तर हिने खणातून कार्ड काढलं, स्लाइसशेजारी धरलं आणि म्हणाली, "काकू, हा तीन आहे. कॉइल कमी तापत असाव्यात."

काकू त्या दिवशी घरी आली ती फणफणतच. चपला दारात दोन दिशांना. पर्समधून तिने कार्ड काढलं, टेबलावर आपटलं आणि म्हणाली, "आत्ता सोक्षमोक्ष लावू. उद्या दुपारी त्याच खेपेच्या दोनशे ओव्हनची गाडी निघणार आहे. मी चुकले असेन, तर शिक्का मारायचा मला हक्क नाही. ती चुकली असेल, तर तिने माफी मागायची."

घरातला ओव्हन त्याच कारखान्याचा, जुना, चांगला. तिने दोन स्लाइस आत ठेवल्या आणि काचेतून बघत उभी राहिली. तिला हवा तसा रंग आला, तसा बंद केला. ताटली काका आणि माझ्यासमोर सरकवली, शेजारी कार्ड ठेवलं. "सांगा. खरं सांगा."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"अहो, तुम्हाला विचारतेय."

काकांनी घसा खाकरला. "तीन आहे."

"आणि काल?"

"कालही तीनच."

"कधीपासून?"

काका ताटली उगाच सरळ करायला लागले, तेव्हा मीच बोलून टाकलं. "साधारण आठ महिने झाले, काकू. फिका असतो."

ती खुर्चीत बसली. मला वाटलं आता आमची चांगलीच हजेरी घेतली जाणार, आणि घेतलीही. "आठ महिने कच्चा ब्रेड गिळलात दोघांनी? एकानेही तोंड उघडू नये?"

"सगळा कारखाना तुझ्या डोळ्यांवर चालतो," काका म्हणाले. "तुला ब्रेडचा रंग सांगणारा मी कोण?"

"नवरा आहात ना माझे!" ती ओरडली. कार्ड डोळ्यांजवळ नेऊन, लांब धरून तिने पुन्हा पुन्हा पाहिलं. स्लाइस कार्डाला टेकवली, तेव्हा तिलाही दिसलं. रंग तीनशीच जुळत होता. तिच्या नुसत्या नजरेला मात्र तो पाच वाटत होता. मला तिची फार दया आली, आणि आमच्या गप्प बसण्याची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी गाडीत खोकी चढायच्या आत ती साहेबांच्या खोलीत गेली. सोबत ती इंजिनिअर होती. काकूने त्या खेपेच्या कागदावरचा स्वतःचा शिक्का स्वतःच खोडला, खाली लिहिलं, "चूक माझी", आणि शिक्का टेबलावर ठेवून दिला. साहेबांनी तो उचलून पुन्हा तिच्या हातात दिला. म्हणाले, "आधी डोळे दाखवून या. तोवर हा तुमच्याच खणात राहील." खेप उघडून पाहिली, तर कॉइल खरंच कमजोर निघाल्या. आधीच्या खेपांचे ठेवलेले नमुने पुन्हा तपासले, ते मात्र व्यवस्थित होते. त्यांचा ब्रेड तिला जरा गडद वाटला होता, पण करपलेला नाही म्हणून तिने त्या खेपा सोडल्या होत्या. काकूने तेव्हा आदल्या संध्याकाळपासूनचा पहिला सुटकेचा श्वास घेतला असेल.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. डॉक्टर म्हणाले, यात सगळं हळूहळू पिवळट दिसायला लागतं, माणसाच्या लक्षातही येत नाही. आधी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर घरी येऊन तिने काय केलं असेल? कोरी स्लाइस हातात घेतली. एक डोळा झाकला, मग दुसरा. पुन्हा एक, पुन्हा दुसरा. "या डोळ्याने पांढरी, या डोळ्याने भाजलेली!" ती लहान मुलीसारखी हसत सुटली. शेजारणीला बोलावून तिलाही दाखवलं. शेजारणीला अर्थातच दोन्ही डोळ्यांनी पांढरीच दिसली, पण तिने भरपूर कौतुक केलं.

पुढच्या महिन्यात डावा डोळाही झाला आणि काकू पुन्हा कामावर रुजू झाली. कार्ड आता भिंतीवर खिळ्याला टांगलेलं असतं. सोळा स्लाइस निघाल्या की काकू आधी नुसत्या नजरेने नंबर सांगते, मग इंजिनिअर कार्ड धरते, आणि दोघींच्या सह्या झाल्यावरच शिक्का बसतो. पहिल्या दिवशी दोघी एकदमच "पाच" म्हणाल्या, असं ती घरी येऊन तीनदा सांगून गेली.

काकांनीही तसलंच एक कार्ड मागून आणलं आणि सदऱ्याच्या खिशात ठेवायला लागले. परवा सकाळी काकूने ताटली पुढे ठेवली. काकांनी कार्ड काढलं, चष्मा सावरला, बराच वेळ जुळवत बसले. मी पलीकडूनच पाहत होते. स्लाइस अगदी पाच नंबरची होती, तिळभरही कमी नाही.

"साडेचार," काका चाचरत म्हणाले. या वेळी तोंड उघडायचंच, असं ठरवून बसले होते.

काकूने स्लाइसकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं. उठली आणि स्लाइस अर्धा मिनिट परत आत ठेवली. स्लाइस बाहेर आली तेव्हा तिचा रंग सहा नंबरचा झाला होता. ती तिने स्वतःच्या ताटलीत घेतली आणि शेवटच्या तुकड्यापर्यंत मजेत खाल्ली.